एंजिनाचा आकार आणि इंधनाचा हिशेब

मोटारगाडीचे एंजिन जितके मोठे तितके ते अधिक इंधन जाळते, ही समजूत इतकी रुळलेली आहे की तिची शहानिशा करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. भारतात तर ती करआकारणीतही उतरली आहे. वस्तू व सेवा कराचे जे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले त्यांनुसार, पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीच्या एंजिनाचे घनफळ १२०० घन सेंटिमीटरांपर्यंत आणि गाडीची लांबी चार मीटरांपर्यंत असेल तर तिच्यावर १८ टक्के कर बसतो. यांपैकी एक जरी मर्यादा ओलांडली गेली तरी कर ४० टक्क्यांवर जातो. डिझेलच्या गाड्यांसाठी घनफळाची मर्यादा १५०० आहे. या मोजपट्टीने पाहिले, तर चाचणीत लिटरमागे सत्तावीस किलोमीटरांहून अधिक अंतर तोडणारी, दीड लिटर एंजिनाची हायब्रिड गाडी चैनीच्या वर्गात पडते, आणि तिच्यापेक्षा पुष्कळ अधिक पेट्रोल पिणारी छोट्या एंजिनाची गाडी काटकसरीच्या वर्गात. एंजिनाचे घनफळ आणि पेट्रोलचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एवढ्यावरूनच ध्यानात यावे.

या समजुतीला छेद देणारे सर्वांत ठसठशीत उदाहरण रस्त्यावर नसून समुद्रावर आहे. ‘एमा मर्स्क’ हे डॅनिश मालवाहू जहाज २००६ साली पाण्यात उतरले. त्याच्या डिझेल एंजिनाला चौदा सिलिंडर आहेत. प्रत्येक सिलिंडराचा व्यास ९६ सेंटिमीटर, आणि त्यातील दट्ट्याची धाव अडीच मीटर. सर्व सिलिंडरांचे मिळून घनफळ पंचवीस हजार लिटरांच्या वर भरते आणि एंजिनाची शक्ती सुमारे एक लाख नऊ हजार अश्वशक्ती आहे. असे हे राक्षसी यंत्र इंधनातील जवळजवळ निम्म्या उष्णतेचे कार्यात रूपांतर करते. याउलट, बाजारात विकल्या जाणाऱ्या मोटारगाडीच्या पेट्रोल एंजिनाला चाळीस टक्क्यांची पायरी गाठण्यासाठी २०१५ साल उजाडावे लागले, आणि तीसुद्धा त्याने आपल्या सर्वांत अनुकूल स्थितीतच गाठली.

आकार मोठा असण्याचा यात लाभच होतो. पातेलेभर दूध आणि वाटीभर दूध एकाच वेळी चुलीवरून उतरवून ठेवले, तर वाटीतील दूध आधी निवते. कारण दुधाच्या मानाने वाटीचा पृष्ठभाग अधिक असतो. सिलिंडराचेही तसेच आहे. तो जितका लहान तितकी त्याच्या भिंतींतून निसटणारी उष्णता प्रमाणाने अधिक. शिवाय जहाजाचे एंजिन मिनिटाला शंभरच्या आसपास फेरे घेते, त्यामुळे ज्वलनाला अवकाश मिळतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते एंजिन दिवसचे दिवस एकाच गतीने, भरपूर भार वाहत चालते. मोटारगाडीतील मोठ्या एंजिनाच्या नशिबी नेमके हेच नसते.

आठ बैलांची वैरण

फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने १८२४ साली दाखवून दिले की उष्णतेचे संपूर्णपणे कार्यात रूपांतर करणारे एंजिन असूच शकत नाही. काही भाग थंड बाजूला सोडून द्यावाच लागतो. निकोलाउस ऑटो या जर्मन संशोधकाने १८७६ साली चार धावांचे एंजिन सिद्ध केले. शोषण, संपीडन, ज्वलनानंतरचे प्रसरण आणि उत्सर्जन या त्या चार धावा. आजही बहुतेक सर्व मोटारगाड्यांची एंजिने याच क्रमाने चालतात. जळालेल्या वायूला प्रसरण पावण्यास जितका अधिक वाव, तितके त्यातून अधिक कार्य निघते. तरीही धुरांड्यावाटे आणि थंड करणाऱ्या पाण्यावाटे पेट्रोलमधील निम्म्याहून अधिक उष्णता वाया जाते. हा तोटा लहानमोठ्या सर्व एंजिनांना सारखाच भोगावा लागतो. मोठ्या एंजिनाचा वेगळा तोटा निराळ्याच ठिकाणी आहे.

पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण नीट पेटण्यासाठी त्यांचे प्रमाण ठरलेले असावे लागते: वजनाने एक भाग पेट्रोल तर सुमारे पंधरा भाग हवा. त्यामुळे शक्ती कमी हवी असेल तेव्हा केवळ पेट्रोल कमी करून भागत नाही, हवाही कमी करावी लागते. त्यासाठी हवेच्या वाटेवर थ्रॉटल नावाची झडप बसवलेली असते. चालकाने प्रवेगकावरचा पाय सैल केला की ही झडप मिटू लागते, आणि दट्ट्याला अरुंद झालेल्या वाटेतून हवा ओढून घ्यावी लागते. अरुंद नळीने घट्ट ताक ओढणाऱ्याचे गाल जसे आत जातात आणि दुखू लागतात, तसा हा प्रकार आहे. हवा ओढण्याचे हे कष्ट पेट्रोलच्याच खर्चाने होतात. डिझेल एंजिनात अशी अडवणूक नसते, आणि कमी भारावर डिझेल काटकसरीने चालते त्याचे हे एक कारण आहे.

दुसरा खर्च घर्षणाचा. सिलिंडर आठ असोत की चार, गाडीला शक्ती थोडी हवी असो की फार, सर्व दट्ट्यांना आपल्या सिलिंडरांत वरखाली घासत राहावेच लागते. काळ्या, चिवट जमिनीत पूर्वी आठ बैलांचा नांगर चालत असे. तोच नांगर घरामागच्या परसात चालवला, तरी संध्याकाळी वैरण आठ बैलांचीच लागायची.

आता गाडीला खरोखर किती शक्ती लागते, हे पाहावे. दीड टन वजनाची, बेताच्या आकाराची गाडी सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटर वेगाने चालली असता तिला हवेचा विरोध आणि चाकांचा विरोध मोडून काढण्यासाठी अवघी सतरा-अठरा अश्वशक्ती पुरते. ताशी ५० किलोमीटर वेगाला तर चार-पाच अश्वशक्ती पुष्कळ झाली. उरलेली शक्ती गाडीने वेग घ्यावा, घाट चढावा, दुसऱ्या गाडीला मागे टाकावे यासाठी राखून ठेवलेली असते, आणि तिचा उपयोग प्रवासातील थोड्या क्षणांपुरताच होतो.

ही सतरा-अठरा अश्वशक्ती सहा लिटरच्या एंजिनाकडून मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर घेतली, तर ढोबळ हिशेबाने ते एंजिन त्या फेऱ्यांवरील आपल्या ताकदीच्या नवव्या हिश्श्यानेच काम करते. घर्षण आणि हवेची ओढाताण यांतच त्याचे बरेच बळ खर्ची पडते आणि पेट्रोलमधील उष्णतेच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढेच कार्य चाकांकडे जाते. दीड लिटरचे एंजिन त्याच कामासाठी आपली जवळजवळ निम्मी ताकद लावते आणि पंचवीस ते तीस टक्के उष्णता कामी आणते. उद्या त्याच सहा लिटरच्या एंजिनाला जड माल ओढीत चढ चढायला लावला, तर त्याची कार्यक्षमता छोट्या एंजिनाइतकी, किंबहुना तिच्याहून थोडी सरसही ठरेल. मोठे एंजिन उधळे दिसते याचे कारण त्याला पुरेसे काम मिळत नाही.

अमेरिकेतील अनुभव

मोठ्या एंजिनाचे खरे माहेर अमेरिका. पेट्रोल स्वस्त, रस्ते लांब व सरळ, आणि एंजिनाने न थरथरता, न कुरकुरता गाडी ओढावी ही ग्राहकाची अपेक्षा. कॅडिलॅक कंपनीने १९१४ साली आठ सिलिंडरांचे आणि १९३० साली चक्क सोळा सिलिंडरांचे एंजिन बाजारात आणले. १९७० साली तिच्या एका गाडीत ८.२ लिटरचे एंजिन होते आणि त्याची शक्ती ४०० अश्वशक्ती सांगितली जाई. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि पेट्रोलपंपांसमोर गाड्यांच्या रांगा लागल्या. १९७५ साली अमेरिकी संसदेने कायदा करून प्रत्येक कंपनीच्या गाड्यांसाठी सरासरी इंधनखर्चाची मर्यादा आखून दिली. १९७६ साली तेच ८.२ लिटरचे एंजिन अवघ्या १९० अश्वशक्तीचे म्हणून विकले जात होते. या घसरणीचा काही भाग शक्ती मोजण्याची रीत बदलल्यामुळे दिसतो, काही भाग संपीडन कमी केल्यामुळे खरोखरच झालेला होता. वैरण आठ बैलांचीच. बैल मात्र रोडावलेले.

१९८१ साली कॅडिलॅकने एक वेगळा उपाय करून पाहिला. भार कमी असेल तेव्हा आठांपैकी दोन किंवा चार सिलिंडरांच्या झडपा बंदच ठेवायच्या, म्हणजे उरलेल्या सिलिंडरांवर अधिक भार येऊन ते चांगल्या कार्यक्षमतेने चालतील. विचार अगदी बिनचूक होता. परंतु झडपांची उघडझाप ठरवणारी त्या काळची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा पुरेशी चपळ नव्हती. गाड्या हिसके देत, अडखळत. वर्षभरातच बहुतेक गाड्यांतून ही योजना काढून टाकावी लागली. संगणक वेगवान झाल्यावर, सुमारे पंचवीस वर्षांनी, हीच कल्पना पुन्हा पुढे आली आणि या वेळी टिकली.

तिचे फळ २०१४ सालच्या शेव्हरोले कॉर्व्हेट या गाडीत पाहायला मिळते. एंजिन ६.२ लिटरचे, शक्ती ४५५ अश्वशक्ती. हमरस्त्यावर चार सिलिंडर विश्रांती घेतात, सातव्या गिअरमध्ये एंजिन मिनिटाला दीड हजाराहूनही कमी फेरे घेते, आणि ठेंगण्या, निमुळत्या गाडीला हवेचा विरोध कमी होतो. सरकारी चाचणीत या गाडीने हमरस्त्यावर लिटरमागे १२ किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर कापले. साडेचारशे अश्वशक्तीच्या गाडीला हा आकडा नावे ठेवण्यासारखा नाही. पण शहरातील चाचणीत तोच आकडा सात किलोमीटरांवर घसरला. जेथे घडोघडी थांबावे लागते, पुन्हा वेग घ्यावा लागतो, सिग्नलवर नुसते घुरघुरत उभे राहावे लागते, तेथे सातवा गिअर उपयोगी पडत नाही आणि निमुळता आकारही. हमरस्त्याचा प्रश्न मोठ्या एंजिनाने बराचसा सोडवला आहे; शहराचा प्रश्न त्याला एकट्याने सुटत नाही.

दोन यंत्रांचा संकर

हायब्रिड हा शब्द महाराष्ट्रातील शेतकऱ्याला १९६० नंतरच्या दशकात ज्वारीच्या नव्या वाणाबरोबर परिचित झाला. तेथे दोन वाणांचा संकर होता, येथे दोन यंत्रांचा आहे: पेट्रोलचे एंजिन आणि विजेची मोटर. ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. फर्डिनंड पोर्श या तरुण अभियंत्याने १९०० च्या सुमारास व्हिएन्नातील लोनर यांच्या कारखान्यात चाकांतच मोटरी बसवलेली आणि पेट्रोल एंजिनावर वीज निर्माण करणारी गाडी तयार केली होती. पुढे पेट्रोल स्वस्त झाले आणि ती मागे पडली. १९७२ ते १९७४ या काळात अमेरिकेत व्हिक्टर वूक या अभियंत्याने एका ब्यूइक गाडीत छोटे एंजिन आणि मोटर बसवून ती सरकारी चाचणीसाठी सादर केली. मूळ गाडीपेक्षा तिला पेट्रोल पुष्कळ कमी लागे. (प्रसिद्ध कादंबरीकार हर्मन वूक यांचे हे बंधू.) सरकारी खात्याने तो प्रयोग पुढे नेला नाही. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये टोयोटा कंपनीची ‘प्रिअस’ विक्रीला आली, तेव्हा कोठे या कल्पनेला बाजारात पाय रोवता आले.

संकरित गाडीत पेट्रोलची बचत कशी होते? गाडी थांबली की एंजिन बंद होते, हा सर्वांच्या ध्यानात येणारा भाग. ब्रेक लावताना घडते ते याहून मोलाचे आहे. दीड टनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असताना तिच्या अंगी जी गतिज ऊर्जा असते, तेवढ्या ऊर्जेत तीच गाडी चौदा मीटर उंच, म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवर, उचलून ठेवता येईल. साध्या गाडीत ब्रेक दाबला की ही सारी ऊर्जा घर्षणाने उष्णता होऊन वाऱ्यावर जाते. एंजिनाची कार्यक्षमता वीस टक्के धरली, तर असे एकदा थांबून पुन्हा तोच वेग घेण्यासाठी तीस मिलिलिटरांहून थोडे अधिक पेट्रोल जाळावे लागते. वीस सिग्नलांच्या वाटेवर सहाशे मिलिलिटरांहून थोडे अधिक पेट्रोल केवळ सिग्नलांपायी जाते. संकरित गाडीत ब्रेक लावताना मोटर उलट काम करते, म्हणजे जनित्र बनते, आणि गाडीचा वेग विजेच्या रूपाने बॅटरीत साठवते. साठवताना आणि पुन्हा बाहेर काढताना तीस-चाळीस टक्के घट येते. तरी जी ऊर्जा एरवी सगळीच गेली असती तिचा मोठा वाटा परत मिळतो.

तिसरा भाग बारकाईचा आहे, आणि संकरित गाडीच्या यशाचे खरे मर्म त्यातच आहे. जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८८० नंतरच्या दशकात असे एंजिन तयार केले की ज्यात वायूच्या प्रसरणाची धाव संपीडनाच्या धावेहून लांब असे. प्रसरणाला अधिक वाव, म्हणून कार्य अधिक, हे वर आलेच आहे. परंतु त्याच्या सांध्यादांड्यांची रचना इतकी गुंतागुंतीची होती की ती टिकली नाही. आता हाच परिणाम झडपांच्या वेळा बदलून साधतात: दट्ट्या परत फिरला तरी आत घेणारी झडप थोडा वेळ उघडीच ठेवायची, म्हणजे आत आलेल्या मिश्रणाचा काही भाग बाहेर ढकलला जातो, संपीडन थोड्या मिश्रणाचे होते, प्रसरणाला मात्र पूर्ण धाव मिळते. कार्यक्षमता वाढते, पण आकाराच्या मानाने शक्ती घटते आणि कमी वेगावर एंजिन दुबळे पडते. असे एंजिन एकटे गाडीत बसवले तर ग्राहक ते परत पाठवील. संकरित गाडीत ही उणीव मोटर भरून काढते, कारण मोटरीचा जोर पहिल्या फेऱ्यापासूनच पूर्ण असतो. मोटरीचा आधार आहे म्हणून एंजिनाला काटकसरी होणे परवडते. आणि भार कमी असेल तेव्हा ते बंद राहते किंवा बॅटरी भरण्याचे जास्तीचे काम घेऊन आपल्या सोयीच्या पट्ट्यात चालते. मोठ्या एंजिनाला जे काम मिळत नव्हते, ते या एंजिनाला मोजून मापून मिळत राहते.

म्हणूनच संकरित गाडीचे एंजिन चिमुकले असावे लागते, ही समजूतही टिकत नाही. पहिल्या प्रिअसचे एंजिन दीड लिटरचे होते. २००९ च्या सुमाराची तिसरी पिढी १.८ लिटरची झाली आणि २०२२ अखेर आलेल्या पाचव्या पिढीत ते दोन लिटरांवर गेले. एंजिन वाढत गेले तसा पेट्रोलचा खर्च वाढला नाही. उलट अमेरिकी चाचणीतील सरासरी लिटरमागे सुमारे वीस किलोमीटरांवरून चोवीस किलोमीटरांपर्यंत चढली. याचे श्रेय एकट्या एंजिनाचे नाही, गाडीत इतरही सुधारणा होत होत्या. तरी हमरस्त्यावर जरा मोठे एंजिन सावकाश फिरवणे हे लहान एंजिन दमछाक होईतो पळवण्यापेक्षा फायद्याचे, हा टोयोटाच्या अभियंत्यांचा हिशेब होता, आणि तो खरा ठरला.

मोठे एंजिन आणि मोटर एकत्र आली तर

मग मोठ्या एंजिनालाच मोटरीची जोड द्यावी, हा विचार साहजिक आहे. त्याचे दोन प्रयोग जवळजवळ एकाच वेळी झाले, आणि ते एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. २००७ साली लेक्सस या टोयोटाच्याच आलिशान गाडीत पाच लिटरचे आठ सिलिंडरांचे एंजिन आणि मोटर यांची जोडी बसवण्यात आली. येथे मोटरीचा उपयोग प्रामुख्याने जोर वाढवण्यासाठी केला होता. शहरात इंधनाचा थोडा लाभ झाला. हमरस्त्यावर मात्र त्याच घराण्यातील साध्या गाडीपेक्षा हिला पेट्रोल किंचित अधिकच लागे, कारण बॅटरी आणि मोटरी यांचे वजन सतत वाहावे लागे आणि ब्रेकमधून परत मिळवण्यासारखे तेथे काही नसे.

दुसरा प्रयोग जनरल मोटर्सचा. २००८ साली शेव्हरोले टाहो या अडीच टनांच्या आसपास वजनाच्या धूडाला सहा लिटरचे एंजिन आणि दोन मोटरी बसवल्या गेल्या. साध्या टाहोचे एंजिन ५.३ लिटरचे होते, म्हणजे संकरित गाडीचे एंजिन त्याहूनही मोठे. तरी शहरातील चाचणीत लिटरमागे सहा किलोमीटर जाणारी गाडी नऊ किलोमीटरांच्या जवळ गेली. त्या वेळच्या मध्यम आकाराच्या, चार सिलिंडरांच्या गाडीची मजल शहरात तेवढीच होती. हमरस्त्यावरचा लाभ पुन्हा थोडका: साडेआठवरून नऊ-सव्वानऊ.

नऊ किलोमीटर हा आकडा ऐकून वाचक कदाचित हसेल. पण लिटरमागे किती किलोमीटर, हे माप या ठिकाणी फसवते. तेच उलटे मांडून शंभर किलोमीटरांना किती लिटर लागले ते पाहावे. साध्या टाहोला शहरात १६.८ लिटर लागत, संकरित टाहोला ११.२ लिटर, बचत साडेपाच लिटरांची. आता भारतात २०२२ अखेर आलेल्या टोयोटा इनोव्हा हायक्रॉसचे उदाहरण घ्यावे. ती दोन लिटरच्या साध्या एंजिनासह मिळते आणि दोन लिटरच्याच संकरित रचनेसह मिळते, त्यामुळे तुलना सरळ होते. चाचणीतील आकडे लिटरमागे सुमारे १६ आणि सुमारे २३ किलोमीटर असे आहेत. ऐकताना हा फरक टाहोपेक्षा कितीतरी डोळ्यांत भरतो. शंभर किलोमीटरांमागे वाचते मात्र दोन लिटरांहून थोडे कमी. ज्या गाडीला मुळातच फार इंधन लागते, तिच्यात सुधारणा केली तर वाचणारे तेल अधिक. संकरित रचनेची सर्वांत अधिक गरज जर कोणाला असेल, तर ती मोठ्या एंजिनाच्या गाड्यांनाच आहे. दुर्दैवाने संकरित टाहो महाग होती, ती घेणारे थोडेच निघाले आणि २०१३ नंतर ती बंद झाली.

शर्यतींच्या क्षेत्रात हा मार्ग सक्तीने पत्करावा लागला. फॉर्म्युला वन शर्यतींत २०१३ पर्यंत २.४ लिटरची आठ सिलिंडरांची एंजिने होती. २०१४ पासून १.६ लिटरचे सहा सिलिंडरांचे एंजिन आणि मोटरी अशी संकरित रचना आली, आणि संपूर्ण शर्यतीसाठी १०० किलोग्रॅम इंधनाची मर्यादा घालण्यात आली. २०१७ साली मर्सिडीजने आपल्या शर्यतीच्या एंजिनाने चाचणीमंचावर पन्नास टक्के औष्णिक कार्यक्षमता ओलांडल्याचे जाहीर केले. समुद्रावरील चौदा सिलिंडरांच्या राक्षसाशी मांडीला मांडी लावून बसण्याचा हा मान! परंतु अशा एंजिनाची किंमत आणि त्याचे अल्प आयुष्य पाहता, त्यातील सर्वच युक्त्या घरगुती गाडीत उतरतील असे मानू नये. मर्सिडीजनेच २०२२ साली आपल्या एका जलद गाडीतील चार लिटरचे, आठ सिलिंडरांचे एंजिन काढून दोन लिटरचे एंजिन व मोटर बसवली. शक्ती पूर्वीपेक्षा वाढली, वजन दोन टनांच्या वर गेले, आणि आठ सिलिंडरांच्या आवाजाला सरावलेल्या गिऱ्हाइकांनी तिचे थंडे स्वागत केले. कार्यक्षमतेच्या हिशेबात आवाजाचा रकाना नसतो, बाजारात असतो.

पुढे काय

मोठ्या एंजिनाचा अंत जवळ आला, असे भाकीत १९७३ पासून अनेकदा वर्तवले गेले आहे. वस्तुस्थिती गुंतागुंतीची आहे. २०२५ च्या आवृत्तीपासून अमेरिकेतील टोयोटा कॅम्री केवळ संकरित स्वरूपात मिळते, तिचे ३.५ लिटरचे सहा सिलिंडरांचे एंजिन निवृत्त झाले. दुसऱ्या टोकाला, बुगाटी कंपनीने २०२४ साली ८.३ लिटरचे सोळा सिलिंडरांचे नवे एंजिन मोटरींच्या जोडीने सादर केले, आणि कॉर्व्हेटच्या ६.२ लिटरच्या एंजिनालाही २०२३ साली पुढच्या चाकांपाशी मोटर मिळाली. जनरल मोटर्सने मे २०२५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील आपल्या कारखान्यात आठ सिलिंडरांच्या पुढच्या पिढीच्या एंजिनासाठी ८८.८ कोटी डॉलर गुंतवण्याचे घोषित केले. त्याच वर्षी १९७५ च्या कायद्याखालील इंधनखर्चाची मर्यादा मोडणाऱ्यांना होणारा दंड अमेरिकेने शून्यावर आणला. नॉर्वेत मात्र २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी दहांतील जवळजवळ नऊ निव्वळ विजेवर चालणाऱ्या होत्या. मोठ्या एंजिनाचे भवितव्य आता औष्णिकीच्या नियमांपेक्षा अशा सरकारी निर्णयांवर अधिक अवलंबून आहे.

संकरित गाड्यांविषयीही सावधगिरी हवी. भिंतीवरच्या प्लगाला जोडून बॅटरी भरता येते अशा संकरित गाड्यांना अनेक देशांत भरघोस सवलती मिळाल्या. २०२४ साली युरोपीय आयोगाने प्रत्यक्ष रस्त्यावरील गाड्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा या गाड्यांचा कार्बन डाय-ऑक्साइड कागदावरच्या आकड्याच्या सुमारे साडेतीनपट निघाला. मालक प्लग जोडण्याचा कंटाळा करीत होते. जड बॅटरीचे ओझे घेऊन गाडी पेट्रोलवरच धावत होती.

याहून गंभीर गोष्ट अशी की, कार्यक्षमतेचा लाभ इंधनाच्या बचतीतच दिसेल याची हमी नसते. अमेरिकेतील नव्या गाड्यांची सरासरी १९७५ साली लिटरमागे साडेपाच किलोमीटरांच्या जरा पुढे आणि १३७ अश्वशक्ती अशी होती. २०२३ साली मजल दुपटीहून थोडी अधिक होऊन साडेअकरा किलोमीटरांवर गेली, आणि शक्तीही अडीचशे अश्वशक्तीच्या पुढे गेली. अभियंत्यांनी एंजिनातून जे जास्तीचे काढले, त्याचा मोठा वाटा वेग आणि वजन यांनी खाऊन टाकला. जो देश आपल्या गरजेचे ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल बाहेरून आणतो, त्याने हा आकडा विसरून चालणार नाही. भारतात इंधनखर्चाच्या नियमांखाली प्रत्येक कंपनीच्या गाड्यांची सरासरी, म्हणजे दर किलोमीटरला बाहेर पडणारा कार्बन डाय-ऑक्साइड, मोजली जाते. ही पद्धत २०१७ पासून लागू आहे आणि २०२२ साली ती अधिक कडक झाली. एकच गाडी या नियमांच्या तराजूत काटकसरी आणि कराच्या तराजूत चैनीची ठरू शकते.

एंजिन मोठे ठेवावे की संकरित, याचे उत्तर शेवटी वाहनाच्या दिनक्रमावर येऊन ठेपते. दर अर्ध्या किलोमीटरावर थांबणारी शहरातील बस संकरित रचनेचा जितका लाभ घेईल, तितका दुसरे कोणतेही वाहन घेणार नाही. वीस-पंचवीस टन माल लादून रात्रभर एका चालीने हमरस्ता कापणाऱ्या मालमोटारीचे मोठे डिझेल एंजिन आधीच आपल्या सर्वोत्तम कार्यक्षमतेजवळ चाललेले असते, आणि घाटातला उतार सोडला तर मोटरीला तेथे फारसे काही करण्यासारखे उरत नाही.